पन्नास रुपयांचे मोल

गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांचे शालेय शिक्षण अल्पच होते. बुद्धचरित्राच्या ओढीने १८९९ साली त्यांनी घर सोडले आणि काशी, नेपाळ असा प्रवास करीत ते सिंहलद्वीपास पोहोचले. तेथे व ब्रह्मदेशात त्यांनी पालीचे अध्ययन केले. पुढे कलकत्ता विद्यापीठात दरमहा २५० रुपयांचे वेतन मिळत असतानाही, महाराष्ट्रात या विद्येचा प्रसार व्हावा म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे अवघे ५० रुपयांचे मासिक साहाय्य पत्करले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे कार्य केले. १९१२ पासून ते फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले आणि पु. वि. बापटांसारखे संशोधक त्यांच्या हाताखाली घडले. १९४७ साली सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले.

कोसंबींच्या त्यागाचा गौरव उचितच आहे. परंतु ते ५० रुपयेही कोणीतरी दिले होते, याचा विसर पडू नये. भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याने आज पाली वा सिंहली शिकावयाचे ठरविले, तर पहिला प्रश्न उदरनिर्वाहाचाच उभा राहील. शेजारच्या आशियाचे ज्ञान समाजाला हवे असेल, तर त्या ज्ञानसाधकाच्या शिष्यवृत्तीची व नोकरीची तरतूद समाजानेच केली पाहिजे.