दाराच्या मुठीला घाबरलेला वैमानिक

२००४ सालचा 'द एव्हिएटर' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी होस्टेलवर पाहिला असेल. लिओनार्डो डिकॅप्रिओ रक्त येईपर्यंत हात धुतो आणि मग दारापाशी अडतो. मुठीला हात लावायचा धीर होत नाही. कुणीतरी बाहेरून येईपर्यंत तसाच उभा. आमच्या रूममध्ये सगळे हसले. मला हसू आलं नाही. म्हसळ्याला घरी मी रात्री दाराची कडी सात-आठ वेळा तपासायचो. पोराला चळ लागलाय, असं आजी म्हणायची. म्हणून त्या माणसाची खरी गोष्ट वाचून काढली.

हॉवर्ड ह्यूज १९०५ साली टेक्सासमध्ये जन्मला. वडिलांनी तेलविहिरी खोदण्यासाठी नव्या प्रकारचं ड्रिल बिट काढलं, १९०९ साली त्याचं पेटंट मिळालं आणि पैशाचा ओघ सुरू झाला. आई मात्र रोगराईला फार भ्यायची. ह्यूज सोळा वर्षांचा असताना आई गेली, अठराव्या वर्षी वडीलही गेले. पोरगा कॉलेज सोडून कंपनीचा मालक झाला.

त्याने १९३० साली 'हेल्स एंजल्स' हा चित्रपट काढला. १९३५ च्या त्याच्या एच-१ विमानात रिव्हेटची डोकी पत्र्याच्या पातळीत बसवली होती, म्हणजे हवेचा अवरोध कमी. त्या विमानाने ताशी ५६७ कि.मी. वेगाचा विक्रम केला. १९३८ साली त्याने ९१ तासांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९४६ साली विमान कोसळून तो मरता मरता वाचला. वेदनाशामक औषधांची सवय मात्र सुटली नाही. १९४७ साली त्याचं ९७ मीटर पंखांचं प्रचंड लाकडी विमान एकदाच, जेमतेम दीड किलोमीटर उडालं.

चित्रपट इथेच संपतो. ह्यूज त्यानंतर २८ वर्षं जगला!

त्यातली बरीच वर्षं हॉटेलांच्या अंधाऱ्या खोल्यांत गेली. प्रत्येक वस्तू टिश्यू पेपरमध्ये धरून द्यायची. फळांचा डबा कसा धुवायचा, कसा उघडायचा, याच्या पायरीपायरीने लेखी सूचना. लास व्हेगासच्या हॉटेलने खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या, तर त्याने १९६७ साली हॉटेलच विकत घेतलं. ५ एप्रिल १९७६ रोजी उपचारांसाठी ह्यूस्टनला नेताना विमानातच तो गेला. तेव्हा वजन जेमतेम ४१ किलो.

रिव्हेट नीट बसला की काम संपतं. मंत्रचळात हात कितीही धुतले तरी काम संपत नाही. ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि नंतर धुवायचं नाही, ही उपचारपद्धती १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी मांडली. आज ती जगभर वापरतात, जोडीला औषधंही असतात. ह्यूजला मात्र नोकर मिळाले ते फक्त हुकूम पाळणारे. पैशामुळे त्याच्या भीतीला नाही म्हणणारं कुणी उरलंच नाही.

तेव्हा आपल्या विंगमध्ये असा कुणी असेल तर त्याला हसू नका. त्याच्यासाठी कुलूपही तपासून देऊ नका. त्याला डॉक्टरकडे न्या, सोबत जा. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबरही आहे. मला समुपदेशकांनी कडी एकदाच बघून निघायला शिकवलं. पहिले दिवस जीव नुसता कासावीस व्हायचा.

आता एकदाच बघतो. कधीकधी दोनदा.