अल्फा, बीटा, गॅमा : एका विनोदाची किंमत

फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टवर नावं कुणाची आणि कोणत्या क्रमाने टाकायची, यावरून होस्टेलवर दरवर्षी एक तरी भांडण होतंच. काम एकाने करायचं आणि नाव चौघांचं! पण विश्वाच्या सुरुवातीला मूलद्रव्यं कशी तयार झाली याचं गणित मांडणाऱ्या एका जगप्रसिद्ध पेपरवरही काम न केलेल्या माणसाचं नाव आहे. आणि ते घुसवलं होतं खुद्द गाईडने, निव्वळ गंमत म्हणून. त्या गाईडचं नाव जॉर्ज गॅमॉव.

गॅमॉवचा जन्म ४ मार्च १९०४ चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. आईवडील दोघेही शिक्षक. वडिलांनी मायक्रोस्कोप घेऊन दिला, तेव्हा या पठ्ठ्याने प्रयोग केला तो थेट चर्चमधल्या प्रसादावर! प्रार्थनेत मिळणारा पावाचा तुकडा येशूचं शरीर होतो अशी श्रद्धा. याने तो तुकडा गालात दाबून धरला, धावत घर गाठलं आणि साध्या पावाशी ताडून पाहिला. फरक काही दिसला नाही. शास्त्रज्ञ होण्याची सुरुवात तिथेच झाली म्हणायची.

लेनिनग्राडला शिकून १९२८ साली तो जर्मनीत गटिंगेनला गेला. वय २४. अल्फा कणाकडे पुरेशी ऊर्जा नसतानाही तो अणुकेंद्राची भिंत ओलांडून बाहेर कसा पडतो, हे त्याने क्वांटम मेकॅनिक्सने समजावलं. भिंतीवरून उडी नाही, भिंतीतून आरपार! हेच आपलं परीक्षेत येणारं टनेलिंग. (गर्नी आणि काँडन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच दाखवलं.) सूर्याच्या पोटात एकमेकांना ढकलणारे प्रोटॉन जवळ येऊन चिकटतात तेही याच वाटेने. म्हणजे टनेलिंग नसतं तर सूर्य असा तळपलाच नसता.

मायदेशी परतल्यावर मात्र स्टालिनच्या राजवटीत बाहेर जाण्याची परवानगी मिळेना. मग १९३२ साली गॅमॉव आणि त्याची बायको ल्युबॉव एका छोट्याशा वल्ह्याच्या होडीत बसून तुर्कस्तानला निघाले! अंतर सुमारे २५० किलोमीटर, सोबत उकडलेली अंडी आणि चॉकलेट. वादळाने दोघांना परत किनाऱ्यावर आणून टाकलं. पुढच्या वर्षी ब्रुसेल्सच्या परिषदेला दोघांना रीतसर पासपोर्ट मिळाला आणि ते परत आलेच नाहीत. १९३४ पासून गॅमॉव अमेरिकेत, वॉशिंग्टनला प्रोफेसर झाला.

आता मुख्य गोष्ट. राल्फ आल्फर हा गॅमॉवचा पीएच.डी.चा विद्यार्थी. दिवसा प्रयोगशाळेत नोकरी, संध्याकाळी अभ्यास. सुरुवातीचं विश्व म्हणजे अतिशय तापलेलं न्यूट्रॉनचं दाट सूप, त्यातले काही न्यूट्रॉन प्रोटॉन होतात, मग एकाला एक चिकटत मूलद्रव्यं तयार होतात, अशी कल्पना. आल्फरने त्याची किचकट आकडेमोड केली. पेपर तयार झाला आणि गॅमॉवला चेष्टेची लहर आली. आल्फर, गॅमॉव... मध्ये बेथे टाकला तर अल्फा, बीटा, गॅमा! हान्स बेथेने या कामात काहीही केलेलं नव्हतं, पण नाव टाकलं. पेपर छापून आला तोही १ एप्रिल १९४८ रोजी.

जग हसलं. आल्फरला मात्र हसू आलं नाही. बेथे तेव्हाच नामवंत होता, गॅमॉवही होता. वाचणाऱ्याने श्रेय या दोघांना दिलं आणि ज्याचा तो थीसिस, तो पोरगा नुसता विनोदातलं पहिलं अक्षर होऊन बसला. आल्फरची तोंडी परीक्षा ऐकायला सुमारे ३०० लोक आले होते, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, पण ते चार दिवसांचं.

शिवाय गणितात एक खड्डा होता. हायड्रोजन आणि हेलियमपर्यंत सगळं छान जमतं. पण वस्तुमान ५ आणि वस्तुमान ८ यांचं एकही टिकाऊ अणुकेंद्र नाही. जिन्याच्या दोन पायऱ्याच गायब! ती उडी मारेपर्यंत विश्व पसरून थंड होतं. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत बनला तो मुख्यतः हेलियम, वस्तुमानाने सुमारे पाव हिस्सा, आणि किंचित लिथियम. बस्स.

मग आपल्या रक्तातलं लोखंड आलं कुठून? ताऱ्यांतून. ताऱ्याच्या गाभ्यात तीन हेलियम एकत्र येऊन कार्बन होऊ शकतो, कारण तिथे दाटी आहे आणि वेळ भरपूर. त्यासाठी कार्बनच्या केंद्रात एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, हे फ्रेड हॉईलने १९५३ मध्ये सांगितलं आणि ती प्रयोगात सापडली. १९५७ साली बर्बिज पतिपत्नी, फाउलर आणि हॉईल यांनी ताऱ्यांतल्या या कारखान्याचा सविस्तर पेपर लिहिला. (तिथेही नावं चार, पण काम चौघांचं!) हॉईल हा महास्फोटाचा कट्टर विरोधक. तरी गॅमॉवने हार खिलाडूपणे घेतली. बायबलच्या थाटात एक विडंबन लिहिलं, त्यात वस्तुमान ५ बनवायला विसरलेला देव शेवटी हॉईलला निर्माण करून जड मूलद्रव्यांचं काम त्याच्यावर सोपवतो!

गॅमॉव स्वस्थ बसणारा नव्हताच. डीएनएच्या सांकेतिक भाषेवर डोकं चालवलं, सामान्य माणसासाठी पुस्तकं लिहिली. त्यासाठी १९५६ साली त्याला युनेस्कोचं कलिंग पारितोषिक मिळालं, जे ओरिसाच्या बिजू पटनाईकांच्या देणगीतून सुरू झालं होतं. १९ ऑगस्ट १९६८ रोजी तो वारला. नोबेल मिळालं नाही.

आणि आल्फर? त्याने रॉबर्ट हर्मनबरोबर १९४८ सालीच सांगितलं होतं की महास्फोटाची धग अजून ५ केल्विनच्या आसपास शिल्लक असणार. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना ती अपघाताने सापडली, सुमारे ३ केल्विन. १९७८ चं नोबेल त्यांना मिळालं. आल्फर तोवर कंपनीत नोकरी करत होता. अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक त्याच्या वाट्याला आलं ते २००७ साली. आजारपणामुळे ते मुलाने स्वीकारलं आणि काही दिवसांतच, १२ ऑगस्टला, आल्फर गेला.

गॅमॉव मनाने वाईट नव्हता, त्यांची मैत्रीही टिकली. तरी एका कोटीची किंमत विद्यार्थ्याने जवळजवळ ६० वर्षं मोजली. तेव्हा मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री रिपोर्टचं पहिलं पान टाईप कराल, तेव्हा रात्र रात्र जागून आकडेमोड कुणी केली हे जरा आठवा. आणि सर, ही विनंती आपल्यालाही आहे!