नवशिक्यांचे गुरुजी : जॉन केमेनी



संगणकाला काम सांगण्यासाठी जी भाषा वापरतात, तिला प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणतात. ‘बेसिक’ ही त्यांतली एक जुनी भाषा. ती खास नवशिक्यांसाठी तयार झाली. तिच्या इंग्रजी नावातले पहिले अक्षरच ‘बिगिनर’ या शब्दाचे आहे, म्हणजे नवशिका. ही भाषा दोन प्राध्यापकांनी मिळून बनविली. त्यांपैकी एक जॉन केमेनी. त्यांची माहिती आज आपण करून घेऊ.

जॉन केमेनी यांचा जन्म ३१ मे १९२६ रोजी हंगेरी देशातील बुडापेस्ट या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. त्या काळी युरोपात ज्यू लोकांवर फार वाईट दिवस आले होते. हंगेरीतही त्यांच्याविरुद्ध कायदे होऊ लागले. वडिलांनी पुढचे संकट ओळखले. १९३८ साली ते एकटेच अमेरिकेला गेले आणि १९४० साली त्यांनी बायकोमुलांना तिकडे नेले. आजोबा मात्र घर सोडायला तयार झाले नाहीत. ते मागेच राहिले आणि पुढे त्या अत्याचारात मारले गेले. जॉनचे इतर काही नातेवाईकही वाचले नाहीत.

न्यूयॉर्कच्या शाळेत जॉन दाखल झाला तेव्हा तो १४ वर्षांचा होता. इंग्रजी धड येत नव्हते. वर्गात काय चालले आहे ते कळायला किती जड गेले असेल, विचार करा! पण पोराने जिद्द सोडली नाही. तीनच वर्षांत तो त्या शाळेतून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात त्याने गणित घेतले.

दुसरे महायुद्ध चालू असल्याने मध्येच त्याला सैन्यात बोलावले. लॉस अलामॉस या ठिकाणी अणुबाँबचे गुप्त काम चालले होते, तिथे त्याला हिशेबाच्या यंत्रांवर बसविले. रात्रंदिवस यंत्रे खडखडत, तरी एकेक गणित सुटायला दोनतीन आठवडे लागत. माणसाचा केवढा वेळ नुसत्या आकडेमोडीत जातो, हे त्याने तिथे डोळ्यांनी पाहिले.

युद्धानंतर शिक्षण पुरे करीत असताना थोर शास्त्रज्ञ आइनस्टाइन यांचा गणितातला मदतनीस म्हणून त्यांनी काम केले. १९४९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९५३ साली ते डार्टमथ कॉलेजात आले आणि जन्मभर तिथलेच झाले.

त्या काळी संगणक खोलीएवढा मोठा असे आणि त्याच्याजवळ फक्त तज्ज्ञ लोक जात. आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ‘टिफ्रॅक’ नावाचा संगणक स्वतः बांधला होता. तो १९६० साली चालू झाला. तोही शास्त्रज्ञांच्याच कामाचा. डार्टमथला तर सुरुवातीला स्वतःचा मोठा संगणक नव्हता. केमेनींचे सहकारी टॉमस कुर्ट्झ भोके पाडलेली कार्डे पेटीत भरून रेल्वेने बॉस्टनजवळच्या संगणकाकडे नेत. हे अंतर सुमारे २०० किलोमीटर, म्हणजे आपल्या ठाण्याहून नाशिकच्याही पुढे! कार्डात एक चूक निघाली, की पुढच्या फेरीपर्यंत थांबणे आले. अशाने नवशिका कंटाळणार नाही तर काय?

केमेनी आणि कुर्ट्झ यांनी ठरविले की कॉलेजातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला संगणक वापरता आला पाहिजे. इतिहासाच्याही आणि साहित्याच्याही. ग्रंथालयात कोणीही जाऊन पुस्तक काढतो, तसा संगणक सर्वांना मोकळा असावा, असे त्यांचे मत होते. पैसे पडू नयेत आणि कारण विचारले जाऊ नये.

पण संगणक एक आणि विद्यार्थी शेकडो, मग कसे जमावे? आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पुष्कळ ठिकाणी एकच बाई तीनचार वर्ग सांभाळतात. पहिलीला पाटीवर लिहायला देतात, तेवढ्यात दुसरीचे गणित तपासतात, मग तिसरीकडे वळतात. प्रत्येक वर्गाला वाटते, बाई आपल्याकडेच आहेत. अगदी तसेच त्यांनी संगणकाला शिकविले. तो एकेकाचे थोडे थोडे काम इतक्या झपाट्याने करी की प्रत्येकाला तो आपल्यापुरताच वाटे. ही व्यवस्था बांधण्याचे पुष्कळसे काम कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनीच केले.

भाषाही सोपी हवी होती, म्हणून त्यांनी ‘बेसिक’ बनविली. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता डार्टमथमध्ये बेसिकचे पहिले प्रोग्रॅम चालले. (आपल्या महाराष्ट्र दिनाचीच तारीख!) पुढे टेलिफोनच्या तारेने जवळपासच्या शाळांतली मुलेही त्या संगणकाला जोडली गेली.

आता या भाषेचा नमुना पाहा. प्रत्यक्षात हे शब्द इंग्रजीत लिहावे लागतात.

१० फॉर एन = १ टू १०
२० प्रिंट ७ * एन
३० नेक्स्ट एन
४० एंड

पहिली ओळ सांगते की एन या अक्षराला १ पासून १० पर्यंत एकेक किंमत द्या. दुसरी सांगते की ७ ने गुणून उत्तर छापा. तिसरी म्हणते, आता पुढचा एन घ्या. झाला की नाही सातचा पाढा? ओळींचे आकडे १०, २०, ३० असे का? मध्ये काही राहिले तर १५ नंबरची ओळ घालता येते, सगळे खोडावे लागत नाही. नवशिक्याची चूक होणार, हे त्यांनी आधीच धरले होते.

१९७० साली केमेनी डार्टमथचे अध्यक्ष झाले. एवढ्या मोठ्या पदावरही त्यांनी वर्गात शिकविणे सोडले नाही. त्या कॉलेजात २०० वर्षे फक्त मुलगे शिकत होते. १९७२ पासून केमेनींच्या कारकिर्दीत मुलींनाही पदवीसाठी प्रवेश मिळाला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीही त्यांनी दार उघडले. १९७९ साली थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला, त्याच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष केमेनी होते. यंत्रे चालविणाऱ्या माणसांना शिक्षण नीट मिळाले नव्हते, हे अपघाताचे एक मोठे कारण आयोगाने दाखवून दिले. २६ डिसेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी कुर्ट्झ २०२४ साली वारले.

आता कोणी विचारील, एवढी जुनी भाषा आज कशाला शिकायची? नोकरीसाठी आज पायथनसारख्या दुसऱ्या भाषा लागतात, हे खरे. जुन्या बेसिकने लिहिण्याला वाईट सवयी लागतात, अशी टीकाही काही विद्वानांनी केली. केमेनी आणि कुर्ट्झ यांनी पुढे तिची सुधारलेली आवृत्ती काढली. परंतु चार ओळी लिहून लगेच उत्तर पाहायचे असेल, तर ही भाषा अजूनही चांगली. पहिली पायरी बुटकी असली म्हणजे लहान मूलही चढते.

आणि आता बॉस्टनला पेटी न्यायला नको! मोबाईलच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये बेसिक चालविणारी पाने उघडतात. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. एका चौकटीत ओळी लिहायच्या, ‘रन’ दाबायचे, की उत्तर समोर. चुकले तर बहुधा कितव्या ओळीत चुकले तेही दिसते.

पालकहो, नौपाड्यात काय किंवा दूरच्या पाड्यावर काय, पुष्कळ घरांत एकच मोबाईल असतो. तो संध्याकाळी अर्धा तास मुलांच्या हाती द्या आणि शेजारी बसा. प्रोग्रॅम चुकला म्हणून मोबाईल बिघडत नाही. थांबतच नसेल तर पान बंद करायचे, झाले. आणि घरात मुलगा व मुलगी दोघे असतील, तर दोघांना सारखी पाळी द्या. शाळा पाहून जिला पुढे काही शिकावेसे वाटते, तिचा अर्धा तास भांडी घासण्यात जाऊ नये.

मित्रांनो, परक्या देशात, परक्या भाषेत शाळेला गेलेल्या एका मुलाने मोठेपणी इतरांची वाट सोपी केली. नवशिका असण्यात लाज नाही, हे त्याच्याकडून शिकूया. वरच्या चार ओळी वहीत उतरवून घ्या. ७ च्या जागी १३ घाला आणि काय छापून येईल ते आधी तोंडी सांगा. मग यंत्राशी ताडून पाहा.

— इयत्ता ७ वी