वाफेचा ट्रॅक्टर, बैलाचा नांगर आणि आजचा ट्रॅक्टर : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी काय ओळखलं होतं?

कांजूरमार्ग (मुंबई उपनगर) : माणसाएवढी उंच लोखंडी चाकं, वर धुराडं, काळा धूर आणि मागे एका वेळी आठ-दहा फाळांचा नांगर. परदेशातल्या वाफेच्या जुन्या ट्रॅक्टरचा असा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर कधीतरी आला असेल. तो बघून बरेच जण म्हणतात, आजच्या ट्रॅक्टरमध्ये अशी ताकद कुठली?

मग प्रश्न पडतो, एवढं ताकदीचं यंत्र होतं तर ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या रानात का नाही आलं? वाफ काही आपल्याला नवीन नव्हती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, ती याच कांजूरच्या भागातून. तेव्हा इथं स्टेशन नव्हतं, भाताची शेतं आणि मिठागरं होती. वाफ शेताच्या कडेनं गेली, पण शेतात उतरली नाही. आपल्याकडे शेतात उतरलं ते दुसरंच यंत्र. ते आणणारा माणूस होता लक्ष्मणराव किर्लोस्कर.

मुंबईतला मास्तर

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, ओढा चित्रांकडे आणि यंत्रांकडे. मुंबईला येऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं आणि चित्रकार व्हायचं राहून गेलं. मग यंत्रांची रेखाटनं शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचं व्हीजेटीआय) शिकवायला लागले.

तेव्हाची मुंबई वाफेवर चालत होती. गिरण्या वाफेवर, रेल्वे वाफेवर. लक्ष्मणराव हे रोज बघत होते. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथं थोरले भाऊ रामूअण्णांबरोबर त्यांचं सायकलचं दुकान होतं. त्याच्या जोडीला छोटा कारखाना सुरू झाला. आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग हात घातला नांगराला.

वाफेचा नांगर कसा चालायचा?

लक्ष्मणराव जन्मले त्याच्या आधीच इंग्लंडमध्ये वाफेची नांगरट सुरू झाली होती. जॉन फाउलर नावाच्या माणसानं ती यशस्वी करून दाखवली. १८५८ मध्ये त्याला त्यासाठी तिथल्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचं ५०० पौंडांचं बक्षीस मिळालं. १८६४ मध्ये, अवघ्या ३८ व्या वर्षी तो गेला, पण त्याच्या कारखान्याची इंजिनं पुढे देशोदेशी गेली.

गंमत अशी की ही इंजिनं शेतात जायचीच नाहीत. एकेक इंजिन दहा-पंधरा टनांच्या वर, काही तर वीस टनांच्या घरात. नांगरलेल्या रानात गेलं तर रुतणार, नाही रुतलं तर माती दगडासारखी दाबणार. म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन उभं करायचे आणि मधला नांगर तारेच्या दोरानं आळीपाळीनं ओढायचे. अमेरिकेच्या सपाट, कोरड्या माळांवर मात्र इंजिन स्वतःच नांगर घेऊन फिरायचं. व्हिडिओत दिसतात ते बहुतेक हेच.

सकाळी नांगरायचं असेल तर पहाटे उठून भट्टी पेटवायची. वाफ धरायला तास-दोन तास. दिवसभर कोळसा घालायचा, पाण्याच्या टाक्या वाहायच्या. दोन इंजिनांच्या संचाला चार-पाच माणसं लागायची. बॉयलरकडे दुर्लक्ष झालं तर स्फोटाची भीती. आणि जळणातली बहुतेक उष्णता धुराड्यातून वायाच जायची. शंभरातले दहा भागही कामाला येत नसत. आजचं डिझेल इंजिन साधारण एक तृतीयांश उष्णता कामाला लावतं.

आता हे सगळं आपल्या कोरडवाहू गावात आणून बघा. कोळसा कुठून आणायचा? उन्हाळ्यात जिथं प्यायला पाणी नाही तिथं बॉयलरला पाणी कोण देणार? बांधाबांधांनी तुटलेल्या दोन-चार एकरांच्या तुकड्यात दोन अजस्त्र इंजिनं उभी तरी कुठं करायची?

सहा नांगर, दोन वर्षं

लक्ष्मणरावांनी गोठ्यातल्या बैलांचा विचार केला. लाकडी नांगर माती नुसती फाडतो. लोखंडी नांगर ती उलटवतो, तणाच्या मुळ्या वर येतात आणि उन्हात वाळतात. तोच बैल, तेच जू, फक्त मागचं अवजार बदलायचं. विलायती लोखंडी नांगर बाजारात होते. लक्ष्मणरावांनी तसा नांगर इथंच बनवायचं ठरवलं. १९०३ च्या सुमारास त्यांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला.

पण घ्यायला कुणी येईना. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली! दुसरा कुणी असता तर धंदा बंद केला असता. हे टिकून राहिले. नांगर चालताना बघितला, पीक बघितलं, तसा लोकांचा विश्वास बसत गेला.

माळावरची वाडी

पुढे बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. तिथं होतं काय? निवडुंग आणि साप. मार्च १९१० मध्ये तिथं वस्ती पडली. तीच आजची पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी. कामगारांना घरं, शाळा, शिवाशिवीला थारा नाही. दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वाडीच्या पहाऱ्यावर ठेवलं, आणि त्यांनी तो विश्वास राखला.

पहिल्या महायुद्धात बाहेरचं लोखंड येईनासं झालं. तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या निकामी तोफा वितळवायला दिल्याचं सांगतात. युद्धाच्या तोफांचे शेताचे नांगर झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी झाली. नांगराच्या मागून उसाचे चरक, पाण्याचे पंप आले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

मग ट्रॅक्टर आला

देशात ट्रॅक्टर बनायला लागले ते त्यांच्या पश्चात, १९५९ पासून. १९६३ मध्ये महिंद्राची ट्रॅक्टर कंपनी निघाली, कारखाना याच मुंबई उपनगरात, कांदिवलीला. किल्ली फिरवली की सुरू. एक माणूस पुरतो, वजन दोन टनांच्या आसपास. हायड्रॉलिकवर नांगर उचलायचा, पीटीओवर मळणी यंत्र किंवा फवारणी यंत्र चालवायचं. वाफेच्या इंजिनाला जे जमलं नाही ते या छोट्या यंत्राला जमलं, कारण ते आपल्या बांधाच्या आत मावलं.

पण आता पुन्हा मोठ्याची हौस वाढत चालली आहे. ३५ अश्वशक्तीत भागत असताना ५५ चा घ्यायचा, कारण शेजाऱ्यानं घेतला. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार आपल्या राज्यात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास जमीन आहे. एवढ्या जमिनीवर मोठ्या ट्रॅक्टरचा हप्ता निघतो का, हा हिशेब शोरूममध्ये जायच्या आधी घरात बसून करायला हवा. वर्षातले किती दिवस तो चालणार? भाड्याची कामं मिळणार का? नसतील तर भाड्यानं नांगरून घेणं किंवा तिघा-चौघांत मिळून घेणं स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट मातीची. दीडशे वर्षांपूर्वीचे लोक जड इंजिन शेताबाहेर ठेवत होते. आपण मात्र काळ्या रानात वाफसा यायच्या आधीच ट्रॅक्टर घालतो. मग खाली थर घट्ट होतो, पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत. घाई असली तरी दोन दिवस थांबा, मूठभर माती दाबून बघा. गोळा चिकट होत असेल तर ट्रॅक्टर बांधावरच राहू द्या.

लक्ष्मणरावांना वाफेची ताकद माहीत नव्हती असं नाही. त्यांनी फक्त आधी शेतकऱ्याचे बैल, त्याचं रान आणि त्याचा खिसा बघितला, आणि मग यंत्र बनवलं. नवीन ट्रॅक्टर बघायला जाताना आपणही त्याच क्रमानं बघूया.