मुंबईचा कारभार कोणाचा? सर फिरोजशहा मेहता आणि 1888 चा कायदा

मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा उभा आहे. काँग्रेसच्या 1890 च्या कोलकाता अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून देश त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातील सर्वाधिक काळ गेला तो एका शहराचे नियम कोणी करावेत आणि कोणी राबवावेत, या प्रश्नात.

4 ऑगस्ट 1845 रोजी मुंबईतील पारशी व्यापारी कुटुंबात जन्मलेले फिरोजशहा 1868 मध्ये बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले. त्या वेळी 1865 च्या कायद्यान्वये शहराची जवळपास सर्व सत्ता आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या एकट्याच्या हाती होती. क्रॉफर्ड यांनी गटारे, रस्ते, मंडई अशी कामे धडाक्याने केली. मात्र तिजोरीवर ताण आला आणि 1871 मध्ये करदाते खवळले. सारा रोष क्रॉफर्ड यांच्यावर असताना 26 वर्षांच्या मेहतांनी जाहीर सभेत निबंध वाचून त्यांची बाजू घेतली. दोष व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे, अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी, पण त्याला जाब विचारणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्रोत्यांना ते मुळीच रुचले नाही. तरीही 1872 चा कायदा बव्हंशी याच दिशेने गेला आणि 64 सदस्यांपैकी निम्मे करदात्यांकडून निवडले जाऊ लागले. (हेच क्रॉफर्ड पुढे 1888 मध्ये लाचखोरीच्या आरोपांमुळे महाराष्ट्रभर गाजले, हा योगायोग म्हणावा लागेल.)

खरी कसोटी 1887 मध्ये लागली. सरकारने मांडलेल्या नव्या विधेयकात महापालिकेचे अधिकार आक्रसण्याचा धोका होता. मेहता तेव्हा मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य होते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या साथीने त्यांनी विधेयकाचा कसून फेरविचार करायला लावला. त्यातून घडलेल्या 1888 च्या कायद्याचे मर्म 64 व्या कलमात आहे. कायद्यात अन्यथा स्पष्ट म्हटले नसेल तेथे शहराचा कारभार महापालिकेकडे निहित राहील आणि कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे राहतील, अशी ही विभागणी आहे. म्हणजे कायदा मौन पाळतो तेथे कौल निवडून आलेल्या सभेच्या बाजूने जातो. घरमालकाला नोटीस बजावायची ती आयुक्तांनी. पण ज्या उपविधींच्या आधारे कित्येक गोष्टींचे नियमन होते, ते करण्याचा अधिकार महापालिकेचा आणि त्यांवर मंजुरीची मोहोर सरकारची. बंधनकारक कर्तव्ये आणि ऐच्छिक कर्तव्ये यांची वेगळी कलमे केल्याने प्राथमिक शाळांसारखे काम टाळण्याची सबबही उरली नाही. आयुक्तांची नेमणूक मात्र सरकारच्याच हाती राहिली. मेहतांच्या विजयाला ही मर्यादा होतीच.

सभागृहात त्यांचा दरारा एवढा होता की विरोधक त्यांना हुकूमशहा समजत. ही टीका सर्वस्वी निराधार नव्हती. 1907 मध्ये काही युरोपीय अधिकाऱ्यांनी त्यांना पाडण्यासाठी एकजूट केली. जस्टिस ऑफ द पीस यांच्या मतदारसंघातून 16 जागा होत्या. मेहता सतरावे आले. संपूर्ण शहरात खळबळ उडाली. पुढे एका विजयी उमेदवाराची निवड याच कायद्याखाली रद्द ठरली आणि मेहता पुन्हा सभागृहात दाखल झाले.

1884, 1885 आणि 1905 नंतर 1911 मध्ये ते चौथ्यांदा महापालिकेचे अध्यक्ष झाले. 5 नोव्हेंबर 1915 रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. अनेक दुरुस्त्यांसह 1888 चा तो कायदा मुंबईत आजही लागू आहे.