पेलेग्रिनो आर्तुझी

पेलेग्रिनो आर्तुझी (४ ऑगस्ट, १८२० – ३० मार्च, १९११) हे इटालियन व्यापारी, साहित्यसमीक्षक आणि पाकशास्त्रावरील ग्रंथाचे लेखक होते. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी स्वखर्चाने प्रसिद्ध केलेला 'ला शेन्त्सा इन कुचीना ए लार्ते दी मांजार बेने' (स्वयंपाकाचे शास्त्र आणि उत्तम भोजनाची कला) हा ग्रंथ इटलीच्या घरगुती पाककलेचा आधारग्रंथ मानला जातो. 'झुप्पा इंग्लेझे'सारख्या जुन्या गोड पदार्थांची मोजमापांसह नोंद करून ते सामान्य घरांपर्यंत पोहोचवण्यात या ग्रंथाचा मोठा वाटा आहे.

जन्म आणि कुटुंब

आर्तुझी यांचा जन्म रोमान्या प्रदेशातील फोर्लिंपोपोली या लहान गावी झाला. हा प्रदेश त्या काळी पोपच्या राज्यात मोडत असे. वडील आगोस्तिनो हे सधन व्यापारी होते; आईचे नाव तेरेझा जुंकी. पेलेग्रिनो यांनीही वडिलांच्या व्यवसायात लक्ष घातले.

२५ जानेवारी, १८५१ च्या रात्री 'इल पासातोरे' या नावाने कुप्रसिद्ध असलेला दरोडेखोर स्तेफानो पेल्लोनी याने आपल्या टोळीसह फोर्लिंपोपोलीवर छापा घातला. नाट्यगृहात खेळ पाहण्यास जमलेल्या प्रतिष्ठितांना ओलीस धरून टोळीने गावातील श्रीमंतांची घरे लुटली. त्यांत आर्तुझींचे घरही होते. या हल्ल्यात त्यांची बहीण जेर्त्रूदे हिच्यावर अत्याचार झाला. त्या आघाताने तिचे मानसिक संतुलन कायमचे ढळले आणि तिला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. पेल्लोनी त्याच वर्षी मार्च महिन्यात मारला गेला. परंतु आर्तुझी कुटुंबाने गाव सोडून तोस्कानामधील फ्लॉरेन्स येथे स्थलांतर केले.

फ्लॉरेन्समधील जीवन

फ्लॉरेन्समध्ये आर्तुझींनी रेशमाचा व्यापार आणि सावकारी पेढी यांतून चांगली संपत्ती मिळवली. पन्नाशीच्या सुमारास व्यवसायातून निवृत्त होऊन ते साहित्याकडे वळले. कवी उगो फोस्कोलो यांचे त्यांनी लिहिलेले चरित्र १८७८ मध्ये, तर कवी जुझेप्पे जुस्ती यांच्या तीस पत्रांवरील टिपणे १८८१ मध्ये प्रसिद्ध झाली. या दोन्ही पुस्तकांची फारशी दखल घेतली गेली नाही.

आर्तुझी आजन्म अविवाहित राहिले. फ्लॉरेन्समधील आद्झेल्यो चौकातील घरी त्यांच्यासोबत आचारी फ्रान्चेस्को रुफिल्ली, घरकाम व स्वयंपाक पाहणाऱ्या मारिएत्ता साबातीनी आणि दोन मांजरे असत. आर्तुझी स्वतः व्यावसायिक आचारी नव्हते. जमवलेली प्रत्येक पाककृती ते या दोघांकडून घरच्या स्वयंपाकघरात करवून घेत आणि पसंतीस उतरल्यावरच लिहून ठेवीत.

पाकग्रंथ

प्रकाशकांनी हस्तलिखितात रस दाखवला नाही. एका विद्वान परिचितानेही पुस्तक चालणार नाही असे भाकीत केले. अखेर १८९१ मध्ये आर्तुझींनी साल्वातोरे लांदी यांच्या छापखान्यातून १००० प्रती पदरमोड करून छापून घेतल्या. पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती होत्या. जन्मगावच्या धर्मादाय जत्रेत सोडतीसाठी दिलेल्या दोन प्रती विजेत्यांनी चेष्टेचा विषय करून तंबाखूच्या दुकानदाराला विकल्याची हकिगत आर्तुझींनी पुढे ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतःच नोंदवली आहे.

मानववंशशास्त्रज्ञ पाओलो मांतेगात्सा यांनी केलेल्या प्रशंसेनंतर पुस्तकाला हळूहळू मागणी येऊ लागली. ठिकठिकाणचे वाचक, विशेषतः गृहिणी, पत्राने पाककृती व दुरुस्त्या कळवू लागले आणि आर्तुझी प्रत्येक आवृत्तीत भर घालत गेले. त्यांच्या हयातीत पंधरा आवृत्त्या निघाल्या आणि पाककृतींची संख्या ७९० झाली. तत्कालीन इटालियन पाकग्रंथांची भाषा फ्रेंच शब्दांनी भरलेली असे. आर्तुझींनी मात्र फ्लॉरेन्समध्ये बोलली जाणारी सुबोध इटालियन वापरली. 'बेशामेल'ऐवजी 'बाल्सामेल्ला' असा शब्द योजला. १८६१ मध्ये एकत्र आलेल्या, पण घरोघरी निरनिराळ्या बोली बोलणाऱ्या देशात या ग्रंथाने स्वयंपाकघराला समान भाषा दिली, असे अभ्यासक मानतात.

झुप्पा इंग्लेझे

झुप्पा इंग्लेझे या नावाचा शब्दशः अर्थ 'इंग्रजी सूप' असा होतो. प्रत्यक्षात हा बिस्किटे आणि कस्टर्ड यांचे थर लावून केलेला गोड पदार्थ आहे. एस्ते घराण्याच्या एका दूताने इंग्लंडच्या दरबारात 'ट्रायफल' चाखले आणि परतल्यावर तसाच पदार्थ करवून घेतला, अशी आख्यायिका सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही.

आर्तुझींच्या कृतीत अर्धा लिटर दूध, ८५ ग्रॅम साखर, ४० ग्रॅम मैदा किंवा शक्यतो स्टार्च, चार अंड्यांचे पिवळे बलक आणि व्हॅनिला यांचे दाट कस्टर्ड सांगितले आहे. तोस्कानातील पातळ कस्टर्ड अधिक नाजूक असले तरी साच्यात टिकत नाही, असे ते स्पष्ट करतात. लोणी लावलेल्या नक्षीदार साच्याच्या तळाशी जर्दाळू किंवा तत्सम फळांचा मुरंबा, त्यावर कस्टर्ड आणि सावोयार्दी नावाची लांबट, हलकी बिस्किटे असे थर दिले जातात. साच्याला अठरा पन्हळी असल्यास नऊ बिस्किटे आल्केर्मेस या लाल मद्यार्कात आणि नऊ पांढऱ्या रोझोलिओत बुडवून आलटून पालटून लावावीत, असा बारकावाही दिलेला आहे. आल्केर्मेसचा लाल रंग किरमिजाच्या किड्यापासून मिळत असे. हे नाव आणि मराठीतील 'किरमिजी' हे दोन्ही शब्द एकाच अरबी-फारसी मुळातून आले आहेत.

भिजवलेल्या सावोयार्दी बिस्किटांचे थर हे वैशिष्ट्य आज जगप्रसिद्ध असलेल्या तिरामिसू या पदार्थातही आढळते. तिरामिसू मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्धीस आला. आर्तुझींच्या ग्रंथात त्याचा उल्लेख नाही.

मृत्यू आणि वारसा

आर्तुझींचे ३० मार्च, १९११ रोजी फ्लॉरेन्स येथे निधन झाले. सान मिनियातो आल मोंते येथील दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. ज्या गावाने पुस्तकाची थट्टा केली होती, त्याच फोर्लिंपोपोलीला त्यांनी आपली बरीचशी संपत्ती दिली, तर ग्रंथाचे हक्क मारिएत्ता व फ्रान्चेस्को यांच्या नावे केले. मारिएत्ताचे नाव ग्रंथातील एका पानेत्तोनेच्या कृतीलाही दिलेले आहे.

१९७० मध्ये पिएरो कांपोरेझी यांनी या ग्रंथाची अभ्यासपूर्ण आवृत्ती संपादित केली आणि तो साहित्य व इतिहास यांच्या अभ्यासकांपुढे नव्याने आला. फोर्लिंपोपोली येथे २००७ मध्ये 'कासा आर्तुझी' ही घरगुती पाककलेला वाहिलेली संस्था सुरू झाली. गावात दर उन्हाळ्यात आर्तुझींच्या नावाने महोत्सव भरतो आणि त्यात हौशी स्वयंपाक करणाऱ्यांना मारिएत्ताच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.