डासाची जेवणवेळ ओळखणारा डॉक्टर

विदर्भातल्या गावांमध्ये हत्तीरोगाचे पथक रात्री येते. माणसे जेवून आडवी झालेली असतात, काहींचा डोळा लागलेला असतो, आणि दारात आरोग्य कर्मचारी बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायला उभा. दिवसा यायला काय होते, असा वैताग लोक करतात आणि तो रास्तच आहे. पण दिवसा घेतलेल्या थेंबात हत्तीरोगाच्या जंताच्या सूक्ष्म अळ्या बहुधा सापडत नाहीत. त्या रात्रीच वरच्या रक्तात येतात. ही गोष्ट सुमारे दीडशे वर्षांपूर्वी चीनच्या किनाऱ्यावरील आमॉय या बंदरात एका स्कॉटिश डॉक्टरच्या ध्यानात आली. त्यांचे नाव पॅट्रिक मॅन्सन.

मॅन्सन यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८४४ चा, स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनजवळच्या ओल्डमेल्ड्रमचा. शाळेनंतर ते लोखंडाच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. तिथल्या कष्टांनी पाठीचा कणा धरला, उजव्या हातातली ताकद गेली आणि बरेच महिने पडून राहावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांना निसर्गविज्ञानाची गोडी लागली आणि कारखान्याऐवजी त्यांनी वैद्यकाची वाट धरली. पदवी मिळताच, १८६६ मध्ये, चिनी सागरी जकात खात्याची नोकरी घेऊन ते तैवानमधील ताकाओला गेले. तिथून १८७१ मध्ये आमॉयला, म्हणजे आजच्या शियामेनला.

आमॉयमध्ये हत्तीरोग घरोघरी होता. पाय खांबासारखे सुजलेले, अंडकोशाची सूज इतकी की चालणे अशक्य. मॅन्सन या प्रचंड गाठी कापून काढत. त्यात त्यांचा हात चांगला बसला होता, पण रोग कशाने होतो याचा पत्ता नव्हता. १८७४-७५ मध्ये ते रजेवर इंग्लंडला गेले तेव्हा वाचनालयात त्यांच्या हाती टिमथी लुईस यांचे काम लागले. कोलकात्यात काम करणाऱ्या लुईस यांना १८७२ मध्ये माणसाच्या रक्तात वळवळणाऱ्या सूक्ष्म अळ्या दिसल्या होत्या. मॅन्सन लग्न करून आणि चांगला सूक्ष्मदर्शक घेऊन आमॉयला परतले आणि मिळेल त्याचे रक्त तपासू लागले.

अळ्या सापडल्या, पण एक कोडे उभे राहिले. रक्तात त्या वाढत नव्हत्या. लाखोंनी असलेल्या या अळ्या तिथेच मोठ्या झाल्या तर माणूस काही दिवसांतच मरेल. तेव्हा पुढची वाढ शरीराबाहेर होत असणार, हे उघड होते. पण बाहेर पडायला अळीकडे ना दात, ना वाट. म्हणजे तिला कोणीतरी रक्तासकट उचलून नेले पाहिजे. मॅन्सन यांनी रक्त पिणाऱ्या किड्यांची मनोमन यादी केली. हत्तीरोग ठरावीक उष्ण प्रदेशातच होतो, उवा आणि ढेकूण मात्र जगभर आहेत. उरला डास.

१८७७ मध्ये त्यांनी आपल्या हिन लो नावाच्या नोकराला एका बंदिस्त खोलीत झोपवले. हिन लोच्या रक्तात अळ्या आहेत हे ठाऊक होते. उशाशी दिवा ठेवला, अर्धा तास दार उघडे टाकले, डास आत आले, मग दिवा विझवून दार लावले. सकाळी भिंतींवर पोटे टम्म फुगलेले डास बसलेले होते. पेल्याखाली धरून, तंबाखूच्या धुराने गुंगवून मॅन्सन यांनी ते लहान कुप्यांत ठेवले आणि रोज थोडे थोडे फाडून पाहिले. डासाच्या पोटात अळीने अंगावरचे पातळ आवरण टाकले, जठराची भिंत भेदून ती छातीच्या स्नायूंत शिरली, आखूड-जाड झाली आणि तिला अन्ननलिका दिसू लागली. माणसाच्या रोगाचा जंतू किड्याच्या अंगात वाढतो, हे माणसाने पहिल्यांदाच पाहिले. मॅन्सन यांनी डासाला या जंताची दाई म्हटले.

हिन लो याच्या संमतीचा प्रश्न त्या काळी कुणाला पडला नाही. आज असा प्रयोग कोणत्याही रुग्णालयाच्या नीतिसमितीपुढे टिकणार नाही. पण त्याचे नाव निदान टिपून ठेवलेले आहे. वैद्यकाच्या इतिहासात अशा शेकडो माणसांच्या वाट्याला तेही आले नाही.

वेळेचा शोध मात्र अवचित लागला. रक्त तपासायला मॅन्सन यांनी मदतनीस शिकवून तयार केले होते. दिवसा तपासणाऱ्याच्या आणि रात्री तपासणाऱ्याच्या नोंदी जुळेनात. मग एकाच माणसाचे रक्त ठरावीक तासांनी, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे तपासले गेले. सूर्य मावळला की अळ्या दिसू लागत, मध्यरात्रीच्या सुमारास त्यांची गर्दी होई आणि सकाळपर्यंत त्या नाहीशा होत. आमॉयमधला डासही रात्रीच चावायला येई. अळीची वेळ ही तिला नेणाऱ्या किड्याच्या जेवणाची वेळ होती. लंडनमध्ये हे ऐकून जंतांकडे घड्याळे असतात का, अशी थट्टा झाली. पण १८८१ मध्ये स्टीफन मॅकेन्झी यांनी एका रुग्णाला दिवसा झोपवून रात्री जागे ठेवले, तेव्हा काही दिवसांत अळ्यांनीही आपली वेळ उलटी केली. मग दिवसा त्या जातात कुठे? याचे उत्तर मॅन्सन यांना पुष्कळ वर्षांनी मिळाले. अंगात अळ्या असलेला एक रुग्ण सकाळच्या वेळी मरण पावला आणि शवविच्छेदनात त्या फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाटीवाटीने सापडल्या.

जेवणाची वेळ मॅन्सन यांनी अचूक पकडली, पण डास किती वेळा जेवतो हे चुकले. आमॉयमध्ये डासांवरचे पुस्तक नव्हते. त्यांनी लंडनहून ते मागवले तर महिन्यांनी झुरळांवरचे आले, असा किस्सा सांगितला जातो. त्यांच्या कुपीतले डास चार-पाच दिवसांत मरत. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांनीही धरून चालले की मादी डास आयुष्यात एकदाच रक्त पिते, पाण्यावर अंडी घालते आणि तिथेच मरते. मग अळी पुढच्या माणसात जाणार कशी? डासाच्या प्रेतातून पाण्यात आणि ते पाणी पिऊन पोटात, असा त्यांनी तर्क केला.

खरे तर मादीला अंड्यांच्या प्रत्येक घाण्यासाठी नवे रक्त लागते. दर दोन-चार दिवसांनी ती चावते आणि अनुकूल हवेत कित्येक आठवडे जगते. अळीला डासाच्या अंगात पक्व व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणजे तीच मादी पुन्हा चावायला आली तरच रोग पुढे सरकतो. डास एकदाच जेवत असता, तर हत्तीरोगच काय, हिवताप आणि डेंग्यूही माणसात पसरले नसते.

ही चूक वीस वर्षे टिकली आणि हिवतापाच्या संशोधनातही शिरली. मॅन्सन १८८३ मध्ये हाँगकाँगला गेले. तिथे त्यांनी स्वच्छ दुधासाठी गोशाळा काढली आणि चिनी विद्यार्थ्यांसाठी १८८७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. पुढे चीनच्या प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष झालेले सुन यत्-सेन तिथलेच विद्यार्थी. १८९६ मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीने सुन यांना कोंडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी धावपळ करणाऱ्यांत मॅन्सनही होते. तोवर ते लंडनला स्थायिक होऊन खलाशांच्या रुग्णालयात काम करत होते आणि तिथेच १८९४ मध्ये त्यांच्याकडे रोनाल्ड रॉस आले. हिवतापाचा जंतू डासात वाढत असावा, हा विचार मॅन्सन यांनी रॉस यांच्या डोक्यात घातला. त्याबरोबर पाण्याची कल्पनाही घातली. त्यामुळे सिकंदराबादेत रॉस यांनी डास मेलेले पाणी माणसांना पाजून पाहिले. त्यातून काही निघाले नाही. शेवटी १८९८ मध्ये कोलकात्यात रॉस यांना पक्ष्यांच्या हिवतापाचे जंतू डासाच्या लाळग्रंथींत सापडले आणि चावणे हीच वाट आहे हे ठरले.

हत्तीरोगाची गाठ ऑस्ट्रेलियात सुटली. ज्यांच्या नावाने हा जंत ओळखला जातो त्या जोसेफ बँक्रॉफ्ट यांचे पुत्र थॉमस यांनी डासांना पिकलेले केळे खायला दिले. एवढेच. मादीला रक्त लागते ते अंड्यांसाठी, एरवी नर-मादी दोघेही गोड रसावर जगतात. केळ्यावर पोसलेले डास आठवडेच्या आठवडे जगले आणि अळ्या त्यांच्या अंगात पूर्ण वाढल्या. थॉमस यांनी असे डास लंडनला मॅन्सन यांच्याकडे पाठवले. तिथे जॉर्ज लो यांनी १९०० मध्ये त्यांचे पातळ छेद घेतले, तर अळ्या थेट सोंडेत निघाल्या. त्याच वर्षी त्रावणकोरमध्ये एस. पी. जेम्स यांनाही तेच दिसले. डास चावताना या अळ्या कातडीवर उतरतात आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरतात. मॅन्सन यांचा पाण्याचा तर्क मोडला तो त्यांच्याच शाळेत. लो हे त्यांचेच शिष्य होते आणि त्या कामाला मॅन्सन यांनी आडकाठी केली नाही. हे लहान नव्हते.

लंडनची उष्ण प्रदेशीय वैद्यकाची शाळा मॅन्सन यांच्याच खटपटीने १८९९ मध्ये गोदीजवळच्या रुग्णालयात सुरू झाली होती. १९०० च्या उन्हाळ्यात तिथे आणखी एक प्रयोग झाला. रोममध्ये हिवतापाच्या रुग्णाला चावलेले डास लंडनला आणले गेले आणि ते मॅन्सन यांच्या मुलाला, वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या थर्बर्न मॅन्सनला, चावू दिले गेले. त्याला ताप आला, रक्तात जंतू दिसले, क्विनीनने तो उतरला. मुलगा स्वेच्छेने तयार झाला होता. तरी बापाच्या सिद्धांतासाठी मुलगा पुढे होतो तेव्हा स्वेच्छा किती मोकळी असते, हा प्रश्न उरतोच.

लंडनमध्ये आफ्रिकेतून आलेल्या रुग्णांच्या रक्तात १८९१ मध्ये मॅन्सन यांना आणखी दोन तऱ्हेच्या अळ्या दिसल्या. एक फक्त दिवसा येई. नियम आता पाठ झालेला होता, म्हणून त्यांनी दिवसा चावणारा किडा शोधला आणि पश्चिम आफ्रिकेतल्या क्रायसॉप्स या गोमाशीच्या जातीच्या माशीवर बोट ठेवले. १९१२ च्या सुमारास लायपर यांनी ते खरे ठरवले. दुसरी अळी मात्र दिवसरात्र सारख्याच संख्येने हजर असे. तिला घड्याळच नव्हते. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचे कारण हीच असावी, अशी शंका मॅन्सन यांनी काढली होती. ती चुकीची निघाली आणि या अळीला नेणारा किडा त्यांना सापडला नाही. सर हा किताब, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, वसाहत खात्याचे सल्लागारपद हे सगळे मिळवून ९ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

तो किडा सहा वर्षांनी, १९२८ मध्ये, शार्प यांना कॅमेरूनमध्ये सापडला. ती होती क्युलिकॉइड्स जातीची चावरी चिलटे. लांबी एक ते तीन मिलिमीटर, नीट पाहिले तरच दिसतील एवढी. त्यांची वीण कुजक्या केळीच्या बुंध्यांत होते. त्यांतली एक जात मुख्यतः रात्री चावते, दुसरी दिवसाउजेडी. दोन जेवणवेळा असलेल्या या वाहकांमुळे अळीने सदैव हजर का असावे, हे समजण्याजोगे आहे. जंतांच्या या कुळाला आज मॅन्सोनेला म्हणतात.

महाराष्ट्रात ही चिलटे माणसात हा जंत पसरवत नाहीत. त्यांचा त्रास मेंढपाळांना ठाऊक आहे. मेंढ्यांचा नीलजिव्हा रोग याच चिलटांमुळे होतो आणि भारतात त्याची पहिली नोंद १९६४ मध्ये महाराष्ट्रातच झाली. डास नळीसारखी सोंड रक्तवाहिनीत घालतो. चिलट कातडी फाडून साचलेले रक्त पिते, म्हणून एवढ्याशा किड्याचा चावा इतका झोंबतो. मादीच रक्त पिते, आणि तेही बहुतेक जातींत तिन्हीसांजेला, रात्री आणि पहाटे. ओला चिखल आणि शेण-मूत मुरलेली माती ही तिची वाढण्याची जागा. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती सहज आत येते, त्यासाठी बारीक विणीची जाळी लागते. उडण्यात ती कच्ची असते, थोड्या वाऱ्यातही तिला तोल सांभाळता येत नाही. त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत मेंढ्या दिवेलागणीपूर्वी पाणथळीपासून दूर, कोरड्या आणि वारा खेळत्या जागी बसवल्या तर चावे कमी होतात.